‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के’: हे आकडे आले कुठून?

शिरोली एमआयडीसीतलं सेफ्टी ट्रेनिंग असो की कोल्हापुरातला बी.एड.चा वर्ग, पडद्यावर एक त्रिकोण येतोच: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, स्वतः केलेलं ९०. खाली नाव एडगर डेल.

या अमेरिकी प्राध्यापकाने १९४६ मध्ये ‘अनुभवाचा शंकू’ मांडला, हे खरं. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवाकडून शब्दांकडे जाताना अमूर्तता वाढते, एवढंच त्याला दाखवायचं होतं. टक्के १९६७ च्या एका मासिकातल्या लेखात दिसतात, तेही कुठल्या प्रयोगाचा दाखला न देता. आणि सगळे आकडे नेमके दहाच्या पटीत? खरं मोजमाप इतकं गुळगुळीत निघत नाही हो!

तालमीत नुसतं बघून डाव येत नाही, हे वस्तादांना ठाऊक असतंच. त्याला ९० टक्क्यांची गरज नाही.

वाचन मात्र उगाच बदनाम झालं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. उतारे दोघांनीही वाचलेलेच होते.