बेबेलोस

बेबेलोस हे ग्रीक विशेषण पवित्र क्षेत्राबाहेरच्या, सर्वांना मोकळ्या असलेल्या जागेविषयी, वस्तूविषयी किंवा व्यक्तीविषयी वापरले जाते. बायबलच्या ग्रीक पाठात ते आणि त्यावरून झालेले ‘बेबेलोओ’ हे क्रियापद दोन्ही येतात. मराठीत त्यासाठी सहसा ‘अपवित्र’ हा शब्द योजतात. तो चुकीचा नसला, तरी त्यात मुळात नसलेली निंदा अगोदरच गृहीत धरली जाते.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुने कोशकार हा शब्द ‘बेलोस’ म्हणजे उंबरठा याच्याशी जोडतात. ‘बेलोस’ होमरच्या इलियड या महाकाव्यात (१.५९१) आढळतो : देवराज झ्यूस हेफायस्टस या देवाला पाय धरून स्वर्गाच्या उंबरठ्यावरून खाली भिरकावतो. मात्र उंबरठ्यावरून विशेषण साधताना आरंभीच्या ‘बे-’ या अक्षराचा उलगडा समाधानकारक होत नाही. त्यामुळे बहुतेक अर्वाचीन भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द ‘बाइनो’ (पाऊल टाकणे, चालणे) या धातूकडे नेतात आणि ‘बे-’ हे त्याच्या पूर्णकालवाचक रूपातील द्वित्व (आरंभीच्या अक्षराची पुनरुक्ती) मानतात. डोरिक या ग्रीक बोलीतील दीर्घ आकाराचे ‘बेबालोस’ हे रूप या मताला पोषक आहे. तसे मानल्यास मूळ अर्थ ‘जेथे पाऊल टाकता येते ते’ असा होतो आणि ‘आबातोस’, म्हणजे जेथे पाऊल टाकणे निषिद्ध आहे ते, हा त्याचा नैसर्गिक विरुद्धार्थी शब्द ठरतो. प्रत्यक्ष वापराशी हेच स्पष्टीकरण अधिक जुळते.

या वापराचा बोलका दाखला ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या इतिहासात (४.९७) मिळतो. इ.स.पू. ४२४ मध्ये अथेन्सच्या सैन्याने बिओशिया या ग्रीक प्रांतातील डेलियम येथील अपोलोचे मंदिर तटबंदी करून ताब्यात घेतले. तेव्हा बिओशियन दूताने तक्रार केली, की माणसे ‘बेबेलोस’ जागेत जे जे करतात ते सारे अथेन्सकर मंदिरात करीत आहेत आणि यज्ञापूर्वी हात धुण्यापुरतेच घ्यायचे पाणी उपसून रोजच्या कामाला वापरीत आहेत. रोख कृतींवर नाही, त्या कोठे केल्या यावर आहे. रहस्यपंथांच्या, म्हणजे गुप्त दीक्षा देणाऱ्या पंथांच्या, भाषेत हेच विशेषण दीक्षा न घेतलेल्या माणसाला लागले. ‘बेबेलोस लोकहो, दारे लावून घ्या’ हे ऑर्फिक (गायक ऑर्फियसच्या नावाने चालणाऱ्या पंथाचे) वचन प्लेटोच्या सिम्पोझियममध्ये (२१८) प्रतिध्वनित होते.

हिब्रू पंचग्रंथाचे (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचे) ग्रीक भाषांतर साधारणपणे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाले असे मानतात. तेथे ‘बेबेलोस’ हा हिब्रू ‘होल’ (सामान्य) या शब्दाचा प्रतिशब्द झाला. निर्णायक वचन लेवीय १०:१० हे आहे : याजकांनी पवित्र आणि बेबेलोस यांत, तसेच अशुद्ध आणि शुद्ध यांत भेद करावा. येथे जोड्या दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळता येत नाहीत. बायबलचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांच्या विवेचनानुसार सामान्य वस्तू शुद्ध किंवा अशुद्ध असू शकते, पवित्र वस्तूचा मात्र अशुद्धाशी संपर्क होता कामा नये. मराठी वाचकाला सोवळे-ओवळे आठवणे साहजिक आहे. पण ओवळेपण स्पर्शाने लागते, म्हणून ती जोडी शुद्ध-अशुद्ध या दुसऱ्या जोडीच्या अधिक जवळ आहे. नोब येथे याजक अहीमलेख दावीदाला सांगतो, की आपल्याजवळ ‘बेबेलोस’ भाकरी नाही, पवित्र भाकरीच आहे (१ शमुवेल २१). तेथे कोणतीही भाकरी दूषित नाही. एक रोजच्या खाण्यातली आहे आणि दुसरी परमेश्वरासमोर मांडलेली.

निंदेची छटा संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गडद होते. यहेज्केलाच्या ग्रीक पाठात इस्राएलाच्या अधिपतीलाच ‘बेबेलोस, नियमहीन’ असे संबोधले आहे. क्रियापदाचा रोख प्रथमपासून कृतीवर आहे : शब्बाथ (विश्रामाचा पवित्र दिवस), वेदी किंवा परमेश्वराचे नाव सामान्य पातळीवर ओढणे. सेल्युसिड राजा चौथा अँटायोकस याच्या काळातील (इ.स.पू. १६७ पासूनच्या) यरुशलेमच्या मंदिरभ्रष्टतेच्या वर्णनात १ मक्काबी हा यहुदी इतिहासग्रंथ हेच क्रियापद वापरतो. ‘कोइनोस’ (सामायिक) या शब्दाला विधिदृष्ट्या अशुद्ध असा अर्थ याच सुमाराच्या यहुदी ग्रीकमध्ये आलेला दिसतो. अभिजात ग्रीकमध्ये तो नाही.

नव्या करारात विशेषण पाच वेळा आणि क्रियापद दोन वेळा येते. मत्तय १२:५ मध्ये येशू म्हणतो, की याजक मंदिरात शब्बाथ ‘मोडतात’ तरी निर्दोष असतात, कारण शब्बाथाच्या यज्ञाचे काम त्यांना त्याच दिवशी करावे लागते. प्रेषितांची कृत्ये २४:६ मध्ये वकील तर्तुल्ल सुभेदार फेलिक्ससमोर ख्रिस्ती प्रेषित पौलावर मंदिर भ्रष्ट करू पाहिल्याचा आरोप ठेवतो. पौलाने परकीयांना आत आणून मंदिर भ्रष्ट केले, हाच आरोप यरुशलेमच्या गर्दीत (२१:२८) ‘कोइनोस’पासून झालेल्या क्रियापदाने मांडला होता. रोमी अधिकाऱ्यापुढे सर्व ग्रीकभाषकांना कळणारा शब्द योजला गेला, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. मंदिराच्या आतील कठड्यापलीकडे परकीयाने गेल्यास मृत्यू ओढवेल, असे बजावणारा ग्रीक शिलालेख शार्ल क्लेरमाँ-गानो यांना १८७१ मध्ये सापडला. तो आज इस्तंबूल येथे आहे.

विशेषणाचे चार उपयोग तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत आहेत. ही पत्रे पौलाची की पुढच्या पिढीतील, याविषयी मतभेद असून बरेच अभ्यासक दुसऱ्या मताकडे झुकतात. तेथे ‘बेबेलोस’ हे मुख्यतः कथांना आणि पोकळ बडबडीला लागते. १ तीमथ्य ६:२० मध्ये काही हस्तलिखितांत ‘केनोफोनिया’ (पोकळ बोल) ऐवजी ‘काइनोफोनिया’ (नवे बोल) असा पाठ आहे. दोहोंचा उच्चार त्या काळी एकसारखा होत चालला होता, त्यामुळे ऐकून लिहिताना असा फरक सहज पडू शकतो. पहिला पाठ मूळचा असण्याची शक्यता अधिक आहे. परंतु लॅटिन बायबलने दुसरा घेतला आणि ५व्या शतकात लेरँचा संन्यासी व्हिन्सेंट याने त्यावरच नव्या मतांविरुद्धचा आपला युक्तिवाद उभारला.

इब्री १२:१६ मध्ये याकोबाचा थोरला भाऊ एसाव बेबेलोस ठरतो, कारण त्याने एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. त्याच वाक्यातील ‘जारकर्मी’ हे पद एसावाला लागू आहे की नाही, हे व्याकरणावरून ठरत नाही. उत्पत्ती २५ मधील कथेत तसा आरोप नाही, तो नंतरच्या यहुदी परंपरेत आढळतो.

आधुनिक ग्रीकमध्ये या धातूपासूनचे ‘वेवीलोसी’ हे नाम थडगी आणि स्मारके यांच्या विटंबनेसाठी रूढ आहे.