व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा जीर्णोद्धार

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा जीर्णोद्धार : निर्वात नलिकांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा जुना ध्वनिवर्धक पुन्हा सुरक्षितपणे वाजता करणे आणि गरजेप्रमाणे त्याच्या मंडलात फेरबदल करणे. ही दोन कामे सहसा एकाच दमात उरकली जातात. ती वेगळी ठेवावीत, कारण मूळ संच नीट चालल्याखेरीज त्यातला बदल सुधारणा आहे की बिघाड, हे ठरवता येत नाही.

नाशिकमध्ये जुन्या बाजारात किंवा मंडप व लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांच्या गोदामात सापडणारे असे संच बहुतांशी सभा, लग्नकार्ये आणि उत्सवांतील भोंग्यांसाठी बांधलेले असतात. ध्वनिवर्धक बनवणारे आहुजा हे नाव या धंद्यात सर्वपरिचित आहे. अशा संचाच्या आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, ईएल ३४, ६एल६ किंवा ८०७ या व्हॉल्व्हांची जोडी असते, तर माइकचा क्षीण संकेत ईसीसी ८३सारखा छोटा व्हॉल्व्ह वाढवतो.

वर्षानुवर्षे पडून असलेला संच थेट २३० व्होल्टवर लावू नये. वीजपुरवठ्याच्या भागातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकांचा, ऑक्साइडचा थर वापराअभावी क्षीण होतो, त्यांतून प्रवाह गळू लागतो आणि तो सारा घरच्या विजेवरून संचाला व्होल्टेज पुरवणाऱ्या मेन्स ट्रान्स्फॉर्मरला सोसावा लागतो. म्हणून वायरमनचा नेहमीचा सिरीज बोर्ड, म्हणजे तंतूचा १०० वॉटचा दिवा मालिकेत घेऊन, संच प्रथम चालू करावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद केल्यावरही या कपॅसिटरांत ३०० ते ४५० व्होल्ट साठून राहू शकतात. ते रोधातून (रेझिस्टरमधून) उतरवावेत, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. दोन तारांची जुनी वायर काढून तीन पिनांची घालणे आणि अर्थिंग चासीला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला, पक्के करणे हे ऐच्छिक नाही.

खरा घात करतो तो दोन व्हॉल्व्हांना जोडणारा कपलिंग कपॅसिटर. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे (धन टोकावरचे) उच्च व्होल्टेज अडवून फक्त आवाजाचा संकेत पुढे सोडणे एवढेच त्याचे काम. पण जुना कागदी कपॅसिटर दमटपणाने झिरपू लागला की आउटपुट व्हॉल्व्हचे ग्रिड (प्रवाह आवरणारी जाळी) धन होते, प्रवाह वाढून प्लेट लालभडक होते आणि शेवटी व्हॉल्व्ह व स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो. कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोडला (ऋण टोकाला) लावलेल्या रोधाने व्हॉल्व्हचा प्रवाह ठरवणाऱ्या, मंडलात परीक्षा सोपी आहे : आउटपुट व्हॉल्व्ह काढून, थोडाच वेळ संच चालू ठेवून, ग्रिडच्या पिनवर मीटर लावावे. तेथे शून्य यायला हवे. अर्धा व्होल्ट धन दिसला तरी कपॅसिटर बदलावा. त्या जागी ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर चालतो. मूल्य वाढलेले कार्बन रोध आणि खरखरणारी व्हॉल्यूमची पॉट (फिरवायचा रोध) त्यामानाने किरकोळ कामे होत.

मेन्स ट्रान्स्फॉर्मरला २२० आणि २४० व्होल्टचे वेगळे टॅप (जोडणीची टोके) असतील, तर २४०चा घ्यावा. २२०च्या टॅपवर २४० व्होल्ट आले, तर ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारा तंतू) ६.९च्या घरात जातो आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते.

फेरबदलांची मर्यादा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर ठरवतो. भोंग्यांच्या लांब तारांत वीज वाया जाऊ नये म्हणून हे संच १०० व्होल्टची लाइन देतात; ३० वॉटच्या संचाला त्यावर सुमारे ३३३ ओहमचा भार लागतो. घरचा ८ ओहमचा स्पीकर त्या टोकांना जोडणे चुकीचे असून, ८ ओहमचा वेगळा टॅप असेल तर तोच वापरावा. भाषणासाठी केलेली ही वाइंडिंग खर्ज आणि अतितार स्वर दोन्ही कापते. त्यामुळे रेकॉर्ड ऐकण्यासाठी असा संच सहसा निराश करतो. गिटारला मात्र तो मानवतो, कारण तिच्या स्पीकरला ५-६ हजार हर्ट्झच्या वर फारसे काही लागतच नाही. शेतीपंपांच्या मोटारी भरणारे रिवाइंडिंगवाले जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि मेन्स ट्रान्स्फॉर्मर ते चांगला भरून देतात. परंतु आउटपुटच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये प्राथमिक व दुय्यम गुंडाळ्यांचे थर एकाआड एक बसवावे लागतात आणि ती कारागिरी निराळी आहे. नवा ट्रान्स्फॉर्मर घातल्यावर आवाजाऐवजी किंकाळी उमटली, तर ऋण प्रतिभरणाची, म्हणजे आउटपुटचा थोडा संकेत उलटा करून मागे देणाऱ्या जोडणीची, टोके उलटी जोडली गेली असण्याचा संभव असतो. प्लेटकडील दोन तारांची अदलाबदल केली की ती थांबते. ही तपासणीही स्पीकर किंवा ८ ओहमचा वायरवाउंड रोध जोडूनच करावी. भाराविना वाजवलेल्या संचात उसळणारे व्होल्टेज सॉकेटमध्ये ठिणगी पाडते आणि ट्रान्स्फॉर्मरचे इन्सुलेशन फोडू शकते.