तेहरानचा फॅक्स आणि उसनी वकिलात

हॉटलाइन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लाल टेलिफोन सिनेमावाल्यांचा. वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये १९६३ साली सुरू झालेली खरी हॉटलाइन टेलिप्रिंटरची, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राची होती. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने बगदादला इराणी सेनानी कासिम सुलेमानी यांना ठार केलं, तेव्हा ‘प्रकरण वाढवू नका’ हा वॉशिंग्टनचा निरोप तेहरानला गेला तो चक्क फॅक्सने. हे फॅक्स यंत्र होतं स्विस वकिलातीतल्या एका बंदिस्त खोलीत.

स्विस कशाला मध्ये? अमेरिकेने एप्रिल १९८० मध्ये इराणशी संबंध तोडले आणि त्याच वर्षीपासून तेहरानमधलं अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडकडे आलं. अशा देशाला ‘प्रोटेक्टिंग पॉवर’ म्हणतात. १९६१ च्या व्हिएन्ना करारात तशी तरतूदच आहे. पासपोर्टची कामं, तुरुंगातल्या नागरिकांची विचारपूस आणि निरोप पोचवणं, एवढंच काम. मध्यस्थी वेगळी, इथे स्वतःचं मत घालायचं नसतं. आपल्यालाही याचा अनुभव आहे. १९७१ च्या युद्धापासून १९७६ पर्यंत भारताचं पाकिस्तानातलं आणि पाकिस्तानचं भारतातलं काम स्विस लोकच पाहत होते.

पण निरोप सांकेतिक करायला यंत्रं असताना माणसांनी भरलेली वकिलात हवी कशाला? याचं उत्तर त्या जुन्या टेलिप्रिंटरमध्ये आहे, आणि मला ते फार आवडतं.

टेलिप्रिंटरचं प्रत्येक अक्षर म्हणजे कागदी पट्टीवरच्या पाच जागा. भोक असेल तर १, नसेल तर ०. इंग्रजी ‘ए’ म्हणजे ११०००. आता दुसरी पट्टी घ्या, पूर्णपणे यदृच्छेने, म्हणजे कुठल्याही ठरावीक क्रमाशिवाय भोकं पाडलेली. ही किल्ली. तिच्यावर समजा ०११०१ आलं. दोन्ही जागा सारख्या असतील तर ० आणि वेगळ्या असतील तर १ लिहायचा. उत्तर १०१०१, म्हणजे ‘वाय’. तारेवरून ‘वाय’ जातो. पलीकडे तीच किल्ली पुन्हा लावली की ११०००, ‘ए’ परत हजर! किल्ली निरोपाइतकीच लांब असेल, खरोखर यदृच्छ असेल आणि एकदाच वापरून नष्ट केली, तर हा संकेत कुठल्याही संगणकाला फुटत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. ‘मिलिटरी ग्रेड’चं लेबल लावून विकल्या जाणाऱ्या ॲपांबद्दल असं काही सिद्ध झालेलं नसतं.

मेख पुढे आहे. ती किल्लीची पट्टी पलीकडे पोचवायची कशी? तारेवरून पाठवली तर चोरणारा तीच चोरेल. म्हणून ती हातोहात न्यावी लागते. हॉटलाइनच्या पट्ट्या दोन्ही देश एकमेकांच्या राजधानीतल्या आपापल्या वकिलातीमार्फत पोचवत. वकिलातच बंद असली तर?

दुसरी मेख जरा किचकट आहे. वाटेत कोणी १०१०१ मधला शेवटचा १ पुसून ० केला, तर पलीकडे ११००१ उमटेल, म्हणजे ‘डब्ल्यू’. त्या लबाडाला किल्ली ठाऊक नव्हती, ‘ए’ही ठाऊक नव्हता, तरी अक्षर बदललं. म्हणजे गुप्तता वेगळी आणि खरेपणाची हमी वेगळी. आजच्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत निरोप बंद करायची किल्ली सगळ्यांना उघड असते आणि उघडायची फक्त मालकाकडे, त्यामुळे पट्ट्या वाहाव्या लागत नाहीत, डिजिटल सही फेरफारही पकडते. पण ती सार्वजनिक किल्ली नक्की कोणाची, हे कोणीतरी विश्वासाने सांगावं लागतंच.

आणि यंत्र स्विस आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. त्या फॅक्सनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी २०२० मध्ये, उघड झालं की सांकेतिक यंत्रं विकणारी स्विस कंपनी क्रिप्टो एजी १९७० मध्येच अमेरिकेच्या आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्यांनी गुपचूप विकत घेतली होती. यंत्रं त्यांचे निरोप या खात्यांना वाचता येतील अशीच बनवलेली होती, आणि गिऱ्हाइकांत इराणही होता.

तरीही २०२० मध्ये इराणने तो निरोप खरा मानला. फॅक्स स्विस वकिलातीपर्यंतच आला होता. तिथून पुढे राजदूत मार्कुस लाइटनर यांनी तो परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ यांच्याकडे स्वतः नेला. झरीफ भडकले. लाइटनर यांनी ते उत्तर घेतलं आणि त्याच वाटेने वॉशिंग्टनला परत धाडलं.