मार्कवळसा (डिंगी शर्यतीतील)

शिडाच्या डिंगी (लहान, उघड्या) नौकांच्या शर्यतीत मार्गावर नांगरून ठेवलेल्या बोयाला (तरंगत्या खुणेला) ठरलेल्या बाजूने वळसा घालण्याची क्रिया आणि तिच्याशी निगडित डावपेच. या बोयाला मार्क म्हणतात. बहुतेक मार्गांवर मार्क डाव्या हाताला ठेवून वळायचे असते. पुढील विवेचनात तेच गृहीत धरले आहे.

इतिहास : १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांच्यात टेम्स नदीवर ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड व परत अशी पैजेची शर्यत झाली. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत तिची नोंद आहे. वळणबिंदू असलेल्या शर्यतींचा आरंभ कधीकधी तिथपर्यंत नेला जातो. मात्र त्या शर्यतीत गाव गाठून परतणे एवढेच अभिप्रेत असावे. मार्क कोणत्या बाजूने ओलांडला यावरून वाद व्हावा इतकी ही बाब महत्त्वाची झालेली दिसते ती २२ ऑगस्ट १८५१ च्या आइल ऑफ वाइट प्रदक्षिणेत. ‘अमेरिका’ ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर नौका नॅब दीपनौकेच्या (दिवा लावून नांगरलेल्या नौकेच्या) आतून, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूने, गेली आणि तिच्याविरुद्ध तक्रार झाली. सर्व स्पर्धकांना मिळालेल्या सूचना एकसारख्या नव्हत्या, असे सांगितले जाते. तक्रार टिकली नाही व चषक ‘अमेरिका’ नौकेला मिळाला.

मार्कपाशी आतल्या, म्हणजे मार्कच्या बाजूच्या, नौकेला जागा देण्याचे तत्त्व ब्रिटनच्या यॉट रेसिंग असोसिएशनच्या (स्थापना १८७५) एकोणिसाव्या शतकातील नियमांत आढळते. त्यामुळे आजच्या नियमाचे श्रेय एकट्या अमेरिकी नौकाशर्यतपटू हॅरल्ड व्हँडरबिल्टला देणे अतिशयोक्त वाटते. वाऱ्याला भिडून (वारा येतो त्या दिशेच्या शक्य तितके जवळ) चाललेल्या नौकेला मोकळ्या वाऱ्यावरच्या (वारा बाजूने वा मागून घेणाऱ्या) नौकेपेक्षा अग्रक्रम देण्याची जुनी पद्धत बाजूला सारून वारा कोणत्या बाजूने येतो यावर हक्क बसवला, हे व्हँडरबिल्टचे खरे काम. ही मांडणी १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नियमांत स्थिरावली.

क्षेत्र व जागेचा हक्क : जुन्या ब्रिटिश नियमात पुढची नौका ‘मार्कजवळ येऊन प्रत्यक्ष वळत असताना’ मागची तिला आतून भिडलेली (म्हणजे मागचीचे नाक पुढचीच्या मागच्या टोकाच्या पुढे आलेले) आहे की नाही, हे पाहिले जाई. अशा क्षणाची साक्ष काढणे अवघडच. पुढे त्याऐवजी अंतर आले : आधी दोन नौकालांब्या, २००९ पासून तीन (मॅच, म्हणजे दोनच नौकांच्या, व सांघिक शर्यतींत अद्याप दोन). मार्कभोवतीच्या या वर्तुळाला क्षेत्र म्हणतात. पहिली नौका क्षेत्रात शिरताना दुसरी आतून भिडलेली असेल, तर बाहेरच्या नौकेने तिला जागा द्यायची. त्यानंतर दोघी वेगळ्या झाल्या तरी हे बंधन सुटत नाही. भिडणे वेळेत झाले की नाही याची रास्त शंका असेल, तर ते झाले नाही असे मानतात. मुलांच्या ऑप्टिमिस्ट डिंगीसाठी हे क्षेत्र सुमारे ७ मीटरचे आहे, तर एकट्याने चालवायच्या आयएलसीए डिंगीसाठी (पूर्वीची लेझर) सुमारे १२.७ मीटरचे. चार नॉट (ताशी चार सागरी मैल) वेगाने जाणारी आयएलसीए हे अंतर सहा सेकंदांत कापते. म्हणजे वादाचा निकाल लावणारी स्थिती वळण्याच्या सहा सेकंद आधीच ठरलेली असते आणि डावपेच त्याही आधी सुरू व्हावे लागतात.

येथे एक बारकावा आहे, तो अनुभवी खेळाडूंच्याही नजरेतून निसटतो. ‘मार्कची जागा’ म्हणजे मार्कपर्यंत जाण्यास व नौकाचालनाच्या रीतीप्रमाणे तो वळण्यास पुरेल एवढीच जागा. लांबून शिरून मार्कला चिकटून बाहेर पडण्याची ऐसपैस कमान तिच्यात बसत नाही. ती कमान फक्त अग्रहक्कही (दुसरीने तिला टाळायचे असा हक्क) असलेल्या आतल्या नौकेला घेता येते. आणि तिला जाइब करून (मागून येणारा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन) वळायचे असेल, तर जाइब होईपर्यंत तिनेही आपल्या योग्य मार्गासाठी (दुसरी नौका नसती तर धरला असता त्या मार्गासाठी) लागेल त्याहून मार्कपासून दूर जायचे नाही. हे शेवटचे बंधन गेटच्या (दोन मार्कांच्या जोडीच्या, ज्यांतला कोणताही वळता येतो) मार्कला लागू नाही.

वाऱ्याकडचा मार्क : वाऱ्याला भिडून विरुद्ध टॅकवर (एकीला वारा उजवीकडून, दुसरीला डावीकडून) येणाऱ्या नौकांमध्ये जागेचा नियम लागूच होत नाही. स्टारबोर्ड टॅकवरील, म्हणजे उजवीकडून वारा घेणारी नौका हक्काने येते, पोर्ट टॅकवरच्या नौकेने टळायचे. क्षेत्राच्या आत टॅक करून (नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलून) स्टारबोर्डच्या रांगेत घुसणे त्याहून महाग पडते. आधीपासून त्या टॅकवर असलेल्या नौकेला वाऱ्याच्या आणखी जवळ वळावे लागले की घुसणारी दोषी. म्हणून गर्दीत लेलाइन (जिच्यावरून आणखी टॅक न करता मार्क गाठता येतो ती रेषा) लवकर गाठून एखाद-दोन नौकालांब्या वर, म्हणजे वाऱ्याकडे, राहणे बहुतेक प्रशिक्षक सुचवतात. लेलाइन फार दुरून गाठली तर मात्र पुढच्या शिडांची खराब हवा (त्यांनी विस्कटलेला वारा) खावी लागते आणि वाऱ्याची दिशा बदलल्यास परतीचा डाव उरत नाही. अगदी थोड्या अंतराने मार्क चुकत असेल, तर वेग राखून नौकेचे नाक क्षणभर वाऱ्याकडे करून गतीवर पुढे सरकवता येते. हलक्या डिंगीची गती मात्र चटकन मरते. मार्क ओलांडताना व्हँग (शिडाचा खालचा दांडा खाली ओढणारी दोरी) व मुख्य शिडाची दोरी सैल करून नौका किंचित वाऱ्याकडे कलती ठेवली की सुकाणूवर जोर न देता ती वळते.

वाऱ्याखालचा मार्क : सेंटरबोर्ड (नौकेच्या तळातून पाण्यात सोडायची फळी) खाली, व्हँग व आउटहॉल (शिडाचा तळ ताणणारी दोरी) ताणलेले, ही तयारी वळण्याआधी. रुंद शिरून अरुंद बाहेर पडावे. उलट केले तर नौका मार्कपासून लांबीभर खाली सरकते आणि मागची तेवढ्या फटीतून वाऱ्याकडे निघून मोकळी हवा बळकावते. तीन-चार नौका एकमेकींना भिडून आल्या, तर सर्वांत बाहेरच्या नौकेने कडेकडेने मोठे वर्तुळ काढण्याऐवजी वेग मोडून मागे पडावे व आतली फट धरावी, हा कुशल खेळाडूंचा प्रघात. एका मार्कऐवजी दोन मार्कांचे गेट असेल तेव्हा वाऱ्याकडे अधिक सरकलेला मार्क श्रेयस्कर. गर्दी व पुढच्या टप्प्याची पसंतीची बाजू पाहून अपवाद होतो.

मार्कला स्पर्श झाल्यास एक टॅक व एक जाइब असलेला पूर्ण फेरा हा दंड आहे. पूर्वी शर्यत सोडावी लागे.

प्रवाह : भरती-ओहोटीच्या पाण्यात वरील सारे आडाखे सरकतात. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जाते. ओढ वाऱ्याच्या दिशेने असेल तर लेलाइनवर बेताने आलेली नौका मार्कवर किंवा त्याखाली वाहत जाते, आणि ओढ वाऱ्याविरुद्ध असेल तर सरळ आलेली नौका नकळत मार्कच्या वर निघते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती याच पाण्यात झाल्या. फायरबॉल या दोघांनी चालवायच्या डिंगीच्या वर्गात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. खडकवासल्याच्या जलाशयात ओढ नसते, पण टेकड्यांमुळे वारा झोतांनी येतो व लेलाइन मिनिटागणिक हलते. तिथे ती उशिरा गाठणे बरे.