मुदतवाढ आहे, माफी नाही: न्यूझीलंडमधल्या वारसा इमारती आणि भूकंपाचा कायदा

वेलिंग्टनमधली जुनी सरकारी कचेरी लांबून पाहिली तर दगडी वाटते. कोपऱ्यांवर चिरे दिसतात, खिडक्यांभोवती घडीव काम दिसतं. प्रत्यक्षात 1876 मध्ये उभी राहिलेली ही भलीमोठी वास्तू लाकडाची आहे. 1848 आणि 1855 च्या भूकंपांत या शहरातल्या विटांच्या इमारती ढासळल्या आणि लोक लाकडाकडे वळले. दगडाचा खर्चही परवडणारा नव्हता. रुबाब दगडाचा हवा आणि भिंती मात्र हादरा सोसणाऱ्या हव्यात, या दोन गरजांतून ही इमारत घडली. आज तिथे विद्यापीठाचं कायद्याचं शिक्षण चालतं.

हे शहाणपण फार काळ टिकलं नाही. लाकडी शहरांना आगी लागत होत्या. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांच्या मध्यवर्ती भागात विटा आणि दगडांचा आग्रह सुरू झाला. टाउन हॉल, पोस्ट ऑफिसं, ग्रंथालयं, चर्च, आज वारसा यादीत असलेल्या बहुतेक सार्वजनिक इमारती याच काळातल्या. त्या चुन्यात बांधलेल्या, आत लोखंड नसलेल्या. अशा भिंतीला वरून येणारं वजन पेलतं, आडवा धक्का पेलत नाही. भिंत तक्तपोशीपासून आणि छपरापासून सुटते आणि बाहेरच्या बाजूला, रस्त्यावर पडते. त्याआधी पडतात गच्चीचे कठडे, त्रिकोणी माथे, धुराडी. ज्या नक्षीसाठी इमारत जपायची, तीच आधी पादचाऱ्याच्या डोक्यावर येते. पुढचे सगळे कायदे या अडचणीभोवती फिरत राहिले.

3 फेब्रुवारी 1931 रोजी नेपियर आणि हॉक्स बे परिसरात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. 256 माणसं गेली. देशातला तो आजवरचा सर्वांत जीवघेणा भूकंप. 1935 मध्ये नमुना बांधकाम नियमावली आली आणि इमारतीला आडव्या जोराचा हिशेब द्यावा लागू लागला. नियमावली स्वीकारायची की नाही हे नगरपालिकांवर होतं आणि ती नव्या बांधकामापुरती होती. उभ्या असलेल्या इमारतींसाठी उपाय एकच, जे पडेल असं वाटतं ते उतरवायचं. 1904 च्या वेलिंग्टन टाउन हॉलचा घड्याळाचा मनोरा 1934 मध्ये काढला. 1942 च्या भूकंपांनंतर शहरातल्या आणखी इमारतींचे कठडे आणि सजावट गेली. आज त्या छाटलेल्या रूपाचीच आपण जपणूक करतो, हे विसरू नये.

जुन्या इमारतींना हात घालणारी पहिली कायदेशीर तरतूद 1968 ची. मध्यम भूकंपात धोकादायक ठरेल अशी विटांची इमारत मजबूत करा किंवा पाडा, असं सांगण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. निकष होता 1965 च्या मानकाच्या निम्मा. वेलिंग्टनने हा अधिकार जोरात वापरला. पुढच्या दोन दशकांत तिथल्या कितीतरी जुन्या इमारती जमीनदोस्त झाल्या, कारण मालकासाठी मजबुतीकरणापेक्षा पाडणं सोपं आणि नफ्याचं होतं. ऐतिहासिक स्थळांचा कायदा 1954 पासून होता, पण तो वेगळ्या खात्याचा, वेगळ्या भाषेतला. एक कायदा म्हणे जपा, दुसरा म्हणे पाडा. या दोघांची गाठ घालून देणं कुणाचंच काम नव्हतं. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महागडी चूक हीच.

तोडगा प्रयोगशाळेतून आला. 1970 च्या दशकात बिल रॉबिन्सन या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने रबर आणि पोलादाच्या थरांमध्ये शिशाचा गाभा बसवलेला आधार तयार केला. इमारत पायापासून कापून अशा आधारांवर ठेवली की जमीन हलते, शिसं ती ऊर्जा शोषतं आणि वरच्या भिंतींपर्यंत थोडाच हादरा पोचतो. भिंतींवरच्या कोरीवकामाला फारसा हात लावावा लागत नाही, हा वारशाच्या दृष्टीने मोठा फायदा. 1922 च्या संसद भवनाखाली 1990 च्या दशकात असे चारशेहून अधिक आधार बसवले. हेच तंत्र पुढे आपल्याकडेही आलं. 2001 च्या भूकंपात भुजचं जिल्हा रुग्णालय कोसळलं, ते पुन्हा बांधलं ते अशाच आधारांवर.

2004 च्या इमारत कायद्याने जाळं मोठं केलं. नव्या इमारतीला जेवढा हादरा पेलावा लागतो, त्याच्या एक तृतीयांश हादऱ्यात जी कोसळू शकते ती ‘भूकंपप्रवण’. रोजच्या बोलण्यात हा 34 टक्क्यांचा नियम, क्षमता त्याहून कमी असेल तर इमारत भूकंपप्रवण. प्रत्येक नगरपालिकेने आपलं धोरण ठरवायचं आणि वारसा इमारतींबाबत काय करणार हेही त्यात लिहायचं. म्हणजे वारशाला सुरक्षेच्या कायद्यात जागा मिळाली. पण किती वेळ द्यायचा, कुठे सूट द्यायची, हे गावागणिक वेगळं. बऱ्याच ठिकाणी वापर बदलला किंवा मोठं काम निघालं तरच मजबुतीकरण, असं धोरण राहिलं. त्यामुळे जी इमारत वर्षानुवर्षं तशीच वापरात होती, तिला कुणी हटकलंच नाही.

क्राइस्टचर्चचा धोका नकाशावर वेलिंग्टनपेक्षा कमी होता. किल्लारीही 1993 मध्ये आपल्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होतं. सप्टेंबर 2010 मध्ये क्राइस्टचर्चजवळ 7.1 चा भूकंप पहाटे झाला, रस्ते रिकामे होते, जीव वाचले. 22 फेब्रुवारी 2011 चा 6.3 चा भूकंप शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता, दुपारी 12:51 ला, जेवणाच्या सुट्टीत. 185 मृत्यू. त्यांतले 115 एकट्या सीटीव्ही या टीव्ही वाहिनीच्या इमारतीत, आणि ती 1980 च्या दशकातली काँक्रीटची होती. तेव्हा ‘जुनं तेवढं धोक्याचं’ हे समीकरण इथे चालत नाही. पण चाळीसच्या आसपास माणसं विटांच्या जुन्या भिंतींखाली गेली आणि त्यांतली बरीचशी इमारतींच्या आत नव्हती, फुटपाथवर आणि बसमध्ये होती. प्रांतिक विधिमंडळाचं 1865 चं दगडी सभागृह, वारशाच्या पहिल्या श्रेणीतलं, कोसळलं.

या भूकंपांवरच्या चौकशी आयोगानंतर 2016 मध्ये कायदा बदलला आणि 1 जुलै 2017 पासून लागू झाला. गावागणिक धोरणं संपली. नोटीस मिळाल्यापासून जास्त धोक्याच्या भागात 15 वर्षं, मध्यम भागात 25, कमी धोक्याच्या भागात 35. पहिल्या दोन भागांत रुग्णालयं, शाळा आणि गजबजलेल्या रस्त्यावर पडू शकणारे कठडे व दर्शनी भिंती यांना निम्मी मुदत. या शेवटच्या तरतुदीमागे त्या दुपारी चिरडलेल्या बसमधून वाचलेल्या एकमेव प्रवाशाचा जाहीर पाठपुरावा होता.

वारशाची सवलत या चौकटीत बसवली आहे. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीच्या मालकाला 10 वर्षांपर्यंत मुदतवाढ मागता येते, मात्र तोवर धोका आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी त्याची. पूर्ण सूट वेगळी आहे. ती इमारत पडली तरी माणसांचं नुकसान होण्याची शक्यता कमी असेल तरच मिळते, मग ती ऐतिहासिक असो वा नसो. इतिहासाने वेळ मिळतो, माफी मिळत नाही. शिवाय भूकंपप्रवण असल्याची नोटीस दर्शनी भागात लावावी लागते आणि इमारतीचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. आत शिरणाऱ्या माणसाला कळतं की तो कुठे शिरतोय. मला या कायद्यातली ही सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

खर्चाने मात्र सगळ्यांची दमछाक केली. वेलिंग्टन टाउन हॉल 2013 मध्ये बंद झाला, तेव्हा अंदाज 4.3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा होता. 2023 मध्ये नगरपालिकेने 32.9 कोटींपर्यंत मंजुरी दिली. क्राइस्टचर्च कॅथेड्रल पाडायचं की उभारायचं यावर वर्षानुवर्षं वाद आणि खटले चालले. 2017 मध्ये उभारायचं ठरलं आणि 2024 मध्ये पैशाअभावी काम थांबलं. छोट्या गावांत भाडं इतकं कमी की मजबुतीकरणाचा खर्च इमारतीच्या किमतीपेक्षा जास्त. 2024 च्या अखेरीस सरकारने सगळ्या चालू मुदती चार वर्षांनी वाढवल्या. सप्टेंबर 2025 मध्ये टक्केवारीची पद्धतच मोडीत काढण्याची घोषणा झाली. लक्ष फक्त मध्यम आणि जास्त धोक्याच्या भागांतल्या विटांच्या इमारती व तीन किंवा अधिक मजल्यांच्या जड काँक्रीटच्या इमारतींवर, कमी धोक्याचे ऑकलंड आणि नॉर्थलँड त्यातून वगळले. कमी धोक्याचा प्रदेश सरसकट वगळणं ज्याला किल्लारी आठवते त्याला सहज पटणार नाही. पण रस्त्यावर पडणाऱ्या भिंतींना आधी बांधून घ्या आणि बाकीचं नंतर, हा त्यातला क्रम मला योग्य वाटतो.

मुंबईत वारसा इमारतींची नियमावली 1995 पासून आहे, देशातली पहिली. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला हात लावायचा तो मजबुतीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठीच, असं ती म्हणते. विटा-दगडांच्या इमारती भूकंपासाठी कशा मजबूत कराव्यात याचं भारतीय मानक 1993 पासून उपलब्ध आहे. वारसा स्थळांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं 2017 पासून आहेत. 2016 च्या मानकाप्रमाणे मुंबई शहर भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतं. फोर्टमधल्या ज्या सरकारी इमारतींत रोज हजारो माणसं कामासाठी जातात, त्यांच्यापुढे मात्र या कुठल्याच कागदाने मजबुतीकरणाची तारीख ठेवलेली नाही.