झिप नको, गिटवरूनच घ्या: आमच्या प्लगिन ग्राहकांसाठी

नमस्कार. आमची प्लगिन (वर्डप्रेस वेबसाइटला जादा सोय देणारे जोड-प्रोग्रॅम) वापरणारे बरेचजण म्हणतात, झिप मेल करा ना, ते गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वगैरे कशाला. झिप पाठवायला दोन मिनिटं लागतात हो, त्रास नंतर सुरू होतो.

एका ग्राहकाकडे फॉर्ममधे दिवस आणि महिना उलटसुलट दिसत होते. त्यांच्या माणसाने थेट सर्व्हरवर जाऊन फाइलमधली एक ओळ बदलली, बदल अगदी बरोबर होता, पण तो त्या एका सर्व्हरवरच राहिला. पुढे आम्ही नवीन व्हर्जन दिलं, अपडेटने जुन्या फाइल्स काढून नवीन टाकल्या आणि तारीख परत उलटी! आधी नेमकं काय बदललं होतं ते कोणालाच आठवेना. तीच ओळ गिटमधून आली असती तर कोणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद राहिली असती आणि पुढच्या सगळ्या व्हर्जनमधे ती असतीच. म्हणून कळकळीने सांगतो, लाइव्ह सर्व्हरवरच्या फाइलला हात लावू नका.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मधे लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. त्यातली आम्हाला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की रिपॉझिटरी (प्लगिनच्या फाइल्स आणि त्यांच्या बदलांचा साठा) क्लोन केली, म्हणजे तिची प्रत घेतली, की पहिल्या कमिटपासूनचा (कमिट म्हणजे नोंदवलेला एक बदल) सगळा इतिहास तुमच्या मशीनवर येतो, म्हणजे उद्या आम्ही काम बंद केलं तरी तुमचं अडणार नाही, दुसरा डेव्हलपर तिथूनच पुढे सुरू करेल.

घेताना मेन ब्रांच (कामाची मुख्य शाखा) घेऊ नका, तिथे आमचं अर्धवट काम असू शकतं, रिलीजचा टॅग (तयार व्हर्जनवर लावलेली नंबराची खूण) घ्या. समजा २.३.१ आहे, तर शेवटचा आकडा वाढला की फक्त दुरुस्ती, मधला वाढला की नवीन सोय आली पण जुनं चालू राहील, आणि पहिलाच बदलला तर आधी टेस्ट साइटवर टाकून बघा, घाई करू नका.

वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीला अजून सबव्हर्जन (बदलांची नोंद ठेवणारं, गिटच्या आधीचं सॉफ्टवेअर) लागतं, तिथे आम्ही फक्त तयार रिलीज पाठवतो, त्यामुळे तिथे हालचाल कमी दिसली म्हणून काम थांबलंय असं समजू नका.

तुमच्याकडे कोड लिहिणारं कोणी असेल तर फोर्क करा (आमच्या रिपॉझिटरीची स्वतःची प्रत काढा), वेगळी ब्रांच काढा आणि पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल आमच्याकडे घ्यायची विनंती) पाठवा, एका रिक्वेस्टमधे एकच बदल असू द्या, नाहीतर तपासताना फार गुंता होतो. आणि पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली) चुकूनही कमिट करू नका, कारण नंतर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमधे ती तशीच राहते आणि कोणालाही बघता येते. झालंच असं, तर आधी ती की रद्द करून नवीन घ्या, साफसफाई मग.

आमची प्लगिन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहेत. बदल करून स्वतःपुरती वापरलीत तर कोणाला काही दाखवायची गरज नाही, पण दुसऱ्याला दिलीत, अगदी विकलीत तरी, त्याच लायसन्सखाली आणि सोर्स कोडसकट द्यायची.

काही बिघडलं तर इश्यू (रिपॉझिटरीच्या पानावरची तक्रारीची नोंद) टाका, फोनवर सांगितलेलं विसरायला होतं. "चालत नाही" एवढंच लिहू नका, कुठलं बटण दाबलं आणि काय दिसलं ते लिहा, आणि आधी ज्या व्हर्जनवर नीट चालत होतं त्याचा नंबर नक्की द्या. तो मिळाला की आम्ही गिट बायसेक्ट लावतो, ते दर वेळी चालणाऱ्या आणि बिघडलेल्या कमिटच्या मधलं कमिट काढून देतं, आम्ही चालतंय का नाही एवढंच बघायचं, त्यामुळे शंभर कमिटमधलं बिघडवणारं कमिट साधारण सात तपासण्यांत सापडतं.