गोव्यात दुकानासाठी जीएसटी नोंदणी: अर्जासोबत वहीही तयार ठेवा

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही दुकान असो. फक्त मालाचा धंदा असेल तर आर्थिक वर्षातली उलाढाल ४० लाख रुपयांवर गेली की नोंदणी लागते. सोबत दुरुस्तीसारखी सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाखांची. करमुक्त मालाची विक्रीही उलाढालीत धरतात. त्याच पॅनवर सावंतवाडीत दुसरे दुकान असेल तर तिथलीही. गोव्याबाहेर माल पाठवून विकणाऱ्याला सहसा मर्यादेची सवलत नाही, पण बेळगावहून नुसती खरेदी केल्याने नोंदणी सक्तीची होत नाही.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत जीएसटी पोर्टलवर आरईजी-०१ हा नोंदणीचा अर्ज भरायचा. शुल्क नाही. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो: स्वतःची जागा असेल तर घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, भाड्याची असेल तर त्याच्या जोडीला भाडेकरार, घरच्या माणसाची असेल तर त्याचे संमतीपत्र. भागीदारी असल्यास भागीदारीपत्र. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आणि करार मात्र काकांशी, असे असेल तर अर्जाआधीच ते निस्तरा. नावे जुळली नाहीत की खुलासा मागवला जातो. मिळणारा क्रमांक ३० ने सुरू होतो, तो गोव्याचा कोड.

पैसे वाचतात ते पुढच्या कामात. नोंदणी बंधनकारक झाली त्याच्या आदल्या दिवशी दुकानात जो माल शिल्लक होता, त्यावर खरेदीत भरलेला कर पुढे भरायच्या करातून वजावटीला मिळू शकतो. त्यासाठी अर्ज मुदतीत हवा, बिले एका वर्षाच्या आतली हवीत आणि आयटीसी-०१ हा वजावटीचा फॉर्म पुन्हा ३० दिवसांत भरायला हवा. म्हणून त्या दिवसाची मालाची यादी आणि खरेदीची बिले जपाच. एकरकमी (कंपोझिशन) योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय, घेतली तर ही वजावट नाही.

वहीत खरेदी परत आणि विक्री परत यांची खाती वेगळी ठेवा. परत आलेला माल विक्रीतून गुपचूप वजा करू नका. गिऱ्हाइकाला क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, द्या, तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक घाला. तुम्ही माल परत पाठवलात तर घाऊक व्यापाऱ्याकडून क्रेडिट नोट मागून घ्या आणि घेतलेली वजावट तेवढी कमी करा.

किमतीत दिलेल्या सुटीचे दोन प्रकार नीट ओळखा. १०,००० च्या मालावर बिलातच १० टक्के व्यापारी सूट असेल तर नोंद ९,००० चीच होते, करही ९,००० वरच. नंतर लवकर पैसे दिल्याबद्दल १८० रुपये सोडले, तर ते रोख सूट खात्यात जातात. बिलाआधी तसे ठरलेले नसेल तर कर ९,००० वरच राहतो.

कर कमी करणारी क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा जीएसटीचे वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोवरच, दाखवता येते. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची, तीही मुख्य दुकानाच्या जागी.